उत्तराचा ताळा
(साक्षरता वर्गातील स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला-लिहायला शिकलात. एसटीची पाटी वाचता. दुकानाची यादी वाचता. सोसायटीच्या कागदावर अंगठ्याच्या जागी सही करता. ही फार मोठी गोष्ट झाली. पण घरी संध्याकाळी एक अडचण येते. मुलगा किंवा मुलगी सातवी-आठवीत असते. ती बीजगणिताची वही उघडते. तुम्ही कौतुकाने वहीत डोकावता, तर आकड्यांच्या मध्ये अक्षरं बसलेली! मग तुम्ही म्हणता, "हे काही आपल्याला जमायचं नाही." आणि उठून चुलीकडे नाहीतर गोठ्याकडे जाता.

आज मला एवढंच सांगायचं आहे, की उठून जाऊ नका. उदाहरण सोडवता येणं ही एक गोष्ट आहे. उत्तर बरोबर आहे की नाही, हे बघता येणं ही दुसरी गोष्ट आहे. पहिली यायला शाळेत वर्षं घालवावी लागतात. दुसरी तुम्हाला निम्मीअर्धी आजच येते.

कुंभाराकडून माठ घेताना बाई काय करते? बोटाने वाजवून बघते. तिला माठ घडवता येत नाही. चाक कसं फिरवायचं, भट्टी किती तापवायची, तिला ठाऊक नाही. पण माठ खणखणीत वाजला तर ती घेते. बद्द वाजला तर खाली ठेवते. विटे-खानापूरकडची आपली माणसं गलाईच्या धंद्यासाठी पार देशभर गेली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची, हे त्यांचं काम. सोनं कुठल्या खाणीतून आलं, हे विचारत कोणी बसत नाही. कस लावून बघतात. उत्तरालाही असाच कस लावता येतो. त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, ताळा. दुकानदार रात्री गल्ला मोजतो आणि वहीशी जुळवून बघतो, तोच हा ताळा.

पण आधी त्या अक्षरांची भीती घालवू.

पुस्तकात इंग्रजी एक्स छापलेला असतो. मराठीत आपण त्याला क्ष म्हणू. क्ष म्हणजे जे अजून कळलेलं नाही ते. कोणाचा हात मोडला म्हणजे दवाखान्यात एक्स-रे काढतात. त्याला मराठीत क्ष-किरण म्हणतात. १८९५ साली जर्मनीत राँटजेन नावाच्या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. हे कसले किरण आहेत, हे काही त्याला उमगेना. म्हणून त्याने त्यांना एक्स म्हटलं. म्हणजे 'न कळलेले किरण'. तुमच्या घरात जो एक्स-रेचा फोटो ठेवलेला असेल, त्याच्या नावातला क्ष आणि पोराच्या वहीतला क्ष एकच.

आपल्याकडे हे फार जुनं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती हा गणिताचा ग्रंथ लिहिला. बीजगणितावरही त्यांचा ग्रंथ आहे. न कळलेल्या संख्या एकापेक्षा जास्त असल्या, की ते त्यांना रंगांची नावं देत. एक काळी, एक निळी, एक पिवळी, एक तांबडी. गुरं ओळखायला आपण तांबडी, कपिली, बांडी म्हणतो ना, तसंच! त्या संस्कृत ग्रंथाला मी कधी हात लावला नाही. पण रंगांची ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगत असे. ती सांगितली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करत.

आता एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या बाजारात हळद येते, हे तुम्हाला माहीत आहे. समजा, गाडीत हळदीची तीन पोती आहेत. तिन्ही सारख्या वजनाची. शिवाय ६ किलो हळद सुटी आहे. सगळं वजन भरलं १५६ किलो. तर एक पोतं किती किलोचं?

पोत्याचं वजन माहीत नाही, म्हणून त्याला क्ष म्हणायचं. तीन पोती म्हणजे ३क्ष. मग वहीत लिहितात:

३क्ष + ६ = १५६

एवढंच बीजगणित. मधलं 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे तराजूची दांडी. डाव्या पारड्यात तीन पोती आणि सुटी हळद. उजव्या पारड्यात १५६ किलोची वजनं. दांडी सरळ आहे. डावीकडची सुटी ६ किलो काढली, तर उजवीकडचीही ६ काढली पाहिजेत. नाहीतर दांडी कलते. राहिली तीन पोती, १५० किलो. एक पोतं ५० किलोचं. क्ष बरोबर ५०.

आता ताळा. ५० हे उत्तर उचलायचं आणि पहिल्या ओळीत क्षच्या जागी ठेवायचं. तीन पन्नास दीडशे. दीडशे आणि सहा, एकशे छप्पन्न. गाडीत किती होतं? एकशे छप्पन्न. जुळलं. झाला ताळा. यात अवघड काय आहे? बाजारात तुम्ही तोंडी याहून मोठे हिशेब करता. ज्यांनी लहानपणी घरी पावकी, निमकी, दिडकी ऐकली आहे, त्यांना तर कागदही लागत नाही.

आता पोरगं चुकतं कुठे, ते बघा. सुटे ६ किलो दांडीपलीकडे नेताना ते वजा करायचे सोडून मिळवतं. शाळेत याला पक्षांतर म्हणायचे. राजकारणातलं नव्हे, गणितातलं. पण नियम थोडाफार सारखा आहे. पक्ष बदलला की चिन्ह बदलतं. मूल चिन्ह बदलायला विसरलं, की १५६ आणि ६ मिळून १६२ होतात. त्याला तीनने भागलं की ५४ येतात. आणि उत्तर कसं दिसतं? अगदी स्वच्छ! अपूर्णांक नाही, बाकी नाही. मूल खूश होतं. वही मिटून खेळायला पळतं.

तिथे तुम्ही हाक मारायची. "ये बाळा इकडे. ताळा करून दाखव." ५४ त्रिक १६२. १६२ आणि ६, १६८. गाडीत होती १५६ किलो हळद. मग ही बारा किलो कुठून आली? उत्तर चुकलं. हे ओळखायला तुम्हाला पक्षांतर यावं लागलं नाही. १६८ आणि १५६ हे दोन आकडे वेगळे आहेत, एवढंच दिसावं लागलं.

इथे एक खुबी सांगून ठेवतो. ताळ्यात किती फरक पडला, ते बघा. १२ चा. आणि पलीकडे नेलेला आकडा होता ६. बारा म्हणजे सहाची दुप्पट. अशा उदाहरणात चिन्ह बदलायचं राहिलं, की फरक बरोबर दुप्पट पडतो. एकदा मिळवून चुकलं आणि एकदा वजा न करून चुकलं, म्हणून दुप्पट. तेव्हा फरक दुप्पट दिसला तर मुलाला म्हणा, "चिन्ह बघ." मूल चकित होईल, की आईला हे कसं कळलं! थोडं चकित होऊ द्यावं. त्यात काही बिघडत नाही.

चूक कुठे आहे, ते मात्र आपण बोट ठेवून दाखवू नये. "जुळत नाही," एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. ज्याची चूक त्याने शोधली, तर ती पुन्हा होत नाही. आणि चूक निघाली म्हणून पाठीत धपाटा तर मुळीच घालू नये. शाळेतसुद्धा मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे. मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी ताळा करत नाही. वही लपवतं.

दुसऱ्या तऱ्हेची उदाहरणं शब्दांत असतात. तिथे ताळा जरा सांभाळून करावा लागतो. एक ऐका. वाड्यात शेळ्या आणि कोंबड्या आहेत. डोकी मोजली तर १२ भरली. पाय मोजले तर ३४ भरले. शेळ्या किती, कोंबड्या किती? समजा, मुलाने उत्तर काढलं, ६ शेळ्या आणि ६ कोंबड्या. सहा नि सहा बारा. डोकी जुळली. कोणी म्हणेल, झाला ताळा. पण थांबा. पाय कोण मोजणार? सहा शेळ्यांचे २४, सहा कोंबड्यांचे १२, मिळून ३६. हवे होते ३४. उत्तर चूक. खरं उत्तर ५ शेळ्या आणि ७ कोंबड्या. डोकी १२, पाय २० आणि १४ मिळून ३४. दोन अटी असल्या, तर दोन्हींशी जुळलं पाहिजे. स्थळ बघताना नुसतं शेत बघून चालत नाही, माणूसही बघावा लागतो, तसंच हे.

हेच उदाहरण मी एका म्हाताऱ्या धनगर आजोबांना घातलं होतं. त्यांनी कागद मागितला नाही. ते म्हणाले, "समद्यांनी दोन-दोन पाय उचलून धरले म्हणा. बारा दुने चोवीस गेले. खाली ऱ्हायले धा. कोंबड्या तर वरच गेल्या. मग ह्ये धा पाय शेळ्यांचेच की! एकीचे दोन. म्हंजी पाच शेळ्या." त्यांचा नातू नववीत होता. त्याने दोन समीकरणं मांडून, एकातून दुसरं वजा करून तेच उत्तर काढलं. आजोबांना समीकरण ठाऊक नव्हतं आणि नातवाला ही पाय उचलायची रीत ठाऊक नव्हती. उत्तर एकच आलं. घरात अशी म्हातारी माणसं असली, तर त्यांना अभ्यासाच्या वेळी जवळ बसवावं.

शिवाय उत्तराकडे नुसतं माणसाच्या नजरेनेही बघत जावं. बापाचं वय मुलापेक्षा कमी आलं, विहीर खणायला साडेचार माणसं आली, बसची तिकिटं उणे सात आली, तर पुढे ताळा करायचंही कारण नाही. मुलं घाईत असं लिहून जातात. तुम्ही नुसतं मोठ्याने वाचून दाखवलंत, की ती स्वतःच हसतात आणि खोडरबर शोधतात.

आता मुलांच्या हातात उत्तर मिळवायचे बरेच सोपे रस्ते आले आहेत. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते. बाजारात गाईड मिळतं. आणि आता तर मोबाईलने उदाहरणाचा फोटो काढला, की रीतीसकट उत्तर समोर येतं. यातलं काहीच वाईट नाही. सोडवून झाल्यावर बघावं. पण पुष्कळ मुलं उलटं करतात. आधी मागचं उत्तर बघतात आणि मग मधल्या ओळी कशातरी वाकवून तिथे नेऊन पोहोचवतात. म्हणून परीक्षेत उत्तराबरोबर रीतीलाही गुण असतात. रीत तुम्हाला कळली नाही तरी चालेल. मुलाला म्हणा, "ही ओळ झाल्यावर ही कशी आली, मला सांग." सांगता आलं तर केलेलं आहे. चाचरला, तर उतरवलेलं आहे. हे ओळखायला शाळा शिकावी लागत नाही. आईला कळतंच.

छापलेलं ते खरं, असं आपल्याला वाटतं. नव्याने वाचायला लागलेल्या माणसाला तर जास्तच वाटतं. म्हणून एक हकीकत सांगतो.

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो, तेव्हाची ही गोष्ट. पावसाचा भरवसा नसलेलं गाव. एक मुलगी आठवीत होती. बाप खोडवा तुटून गेलेल्या उसाच्या शेतावर मजुरीला जाई. आई तुमच्यासारख्याच एका रात्रीच्या वर्गात जाऊन नुकती अक्षरं शिकली होती. मुलीचं गणित कच्चं आहे, असं घरात ठरून गेलं होतं. चाचणीत ती दोनदा नापास झाली, तेव्हा बापाने सांगून टाकलं, "आता बास. दिवाळीनंतर शाळा बंद. मामाच्या गावाकडनं एक स्थळ आलंय." पोरगी तेरा वर्षांची.

त्या आठवड्यात तिच्या वहीवर एका उदाहरणाला लाल फुली आली. उदाहरण असं होतं:

५क्ष − ७ = ३क्ष + ९

मुलीचं उत्तर ८ होतं. शिक्षकांनी फुली मारून शेजारी ६ लिहिलं होतं. मुलगी रडत बसली. आईने वही जवळ ओढली. वर्गात तिला ताळा करायला शिकवला होता. तिने पोरीला पाढे म्हणायला लावले आणि स्वतः पाटीवर मांडलं. आधी ८ घेतले. आठ पंचे चाळीस, सात गेले, तेहतीस. दुसरीकडे आठ त्रिक चोवीस आणि नऊ, तेहतीस. मग शिक्षकांचे ६ घेतले. सहा पंचे तीस, सात गेले, तेवीस. सहा त्रिक अठरा आणि नऊ, सत्तावीस. तेवीस आणि सत्तावीस. जुळेना. तिने तीन वेळा करून बघितलं. तिला वाटेना, की सर चुकतील. पण सत्तावीसचे तेवीस काही होईनात.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ती बाई पोरीला घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. चपला बाहेर काढलेल्या. पदर डोक्यावर. हातात पाटी. शिक्षक म्हणाले, "बाई, काय काम आहे?" ती म्हणाली, "सर, मला गणित येत न्हाई. पन ह्ये दोन आकडं सारखं हायती का न्हाईत, येवढं मला सांगा."

मी ओट्यावरून ऐकत होतो. शिक्षक तरुण होते, पण मनाने सरळ होते. त्यांनी फळ्यावर उदाहरण मांडलं. उत्तर ८ आलं. मग त्यांनी टेबलावरचं गाईड उघडून दाखवलं. गाईडात ६ छापलेलं होतं. आठाच्या जागी सहा पडला होता छापताना. एका दमात चाळीस वह्या तपासायच्या, म्हणून त्यांनी गाईड समोर ठेवून फुल्या मारल्या होत्या. त्यांनी सगळ्या वर्गाच्या वह्या परत मागवल्या. आणखी नऊ मुलांचं उत्तर ८ होतं. त्यातल्या काहींनी फुली बघून आपलं बरोबर उत्तर खोडून ६ केलं होतं. एकट्या त्या मुलीच्या घरी ताळा झाला होता.

बापाला मी बोलावून घेतलं. पाटी त्याच्या पुढे ठेवली. त्याला वाचता येत नव्हतं, पण हिशेब पक्का होता. त्याने बोटांवर दोन्ही बाजू मोजल्या. पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजी पोरीचं बरूबर हुतं व्हय?" लग्नाची गोष्ट त्या वर्षी पुढे गेली नाही. तो कायद्याने गुन्हाच झाला असता, मुलीचं वय अठरा पूर्ण नसताना. तेही मी त्याला सांगितलं. पण कायद्यापेक्षा पाटीने जास्त काम केलं, असं माझं मत आहे. ती मुलगी दहावीला गणितात अठ्ठावन्न गुण मिळवून पास झाली. आता एका सेवा सोसायटीत हिशेब लिहिते.

काही आई-बाप विचारतात, "गणितच येत नसेल, तर पोराला शिकवून काय उपयोग?" त्यांना मी कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगतो. भाऊरावांचा जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. शिकायला होते कोल्हापुरात, राजाराम हायस्कुलात. शाहू महाराजांच्या मायेतला मुलगा. पण इंग्रजी सहावीत गणितात गाडी अडली. अशी गोष्ट सांगतात, की त्यांना वर चढवावं म्हणून महाराजांनी गणिताच्या मास्तरांकडे शब्द टाकला. मास्तर म्हणाले, भाऊराव ज्या बाकावर बसतो, तो बाक एक वेळ वर चढवीन, पण भाऊरावाला नाही. बघा, राजाचा शब्द आला तरी मास्तर हलले नाहीत. ताळा जुळत नव्हता, तो जुळत नव्हता.

भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत. पण साताऱ्याला येऊन शिकवण्या घेतल्या. ओगल्यांच्या काचेच्या कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर खपवले. गावोगाव फिरताना त्यांनी खेड्यातली अक्षरशत्रू रयत बघितली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रही दिलं. मुलांनी काम करायचं आणि शिकायचं, ही रीत त्यांनी पाडली. आज त्यांच्या संस्थेच्या शाळा-कॉलेजांत लाखो मुलं गणित शिकतात. ही गोष्ट मुलांना सांगताना मात्र बेतानेच सांगा. नाहीतर एखादा म्हणायचा, "भाऊरावांना येत नव्हतं, मग मलाच कशाला?" असं म्हणणारा मला दर वर्षी एक तरी भेटला आहे. त्याला मी म्हणत असे, "आधी शाळा काढ, मग सवलत देतो."

आपल्या भागाला मोठ्यांनी शिकण्याची ओळख नवी नाही. नायगावच्या सावित्रीबाई लग्न झाल्यावर शिकल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. गावातल्या प्रौढांनी साक्षर व्हायचं, असं गावानेच ठरवायचं. पुढे ती मोहीम महाराष्ट्रभर गेली. तुमच्यापैकी काहींचे आजे-पणजे तेव्हा कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसले असतील.

आता शाळेच्या बाकीच्या कटकटींबद्दल थोडं बोलतो. त्या लहान असतात, पण रोजच्या असतात. सकाळी एसटी यायची वेळ, आणि कंपासपेटी सापडत नाही. वही ओट्यावर राहिली आणि पोरगी गाडीत. यावर माझ्याकडे मोठा उपाय नाही. दप्तर रात्री भरून दाराजवळ ठेवावं, इतकंच. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. तो काढला नसेल तर शाळेत विचारावं. अभ्यासाला जागा कुठली द्यावी, असं विचारतात. घर एका खोलीचं असतं, हे मला माहीत आहे. जागा नसली तर वेळ द्यावी. टीव्ही तासभर बंद ठेवावा आणि आपलाही मोबाईल खाली ठेवावा. तेवढा तास पोरीला पाण्याला आणि भांड्यांना हाक मारू नये. मुलग्याला कोणी मारत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

अभ्यास राहिला, की मूल शाळेत जायला घाबरतं. पोट दुखतं म्हणतं. तिथे तुमचं नवं अक्षर कामाला येईल. दोन ओळींची चिठ्ठी लिहा:

"वर्गशिक्षकांस सविनय नमस्कार. माझी मुलगी काल तापाने आजारी होती. गणिताचा अभ्यास राहिला आहे. उद्यापर्यंत पूर्ण करून आणील. कळावे."

खाली आपली सही. खरं असेल तेवढंच लिहायचं. माझ्या नोकरीत अशा चिठ्ठ्या पुष्कळ आल्या. वाकड्या अक्षरातली चिठ्ठी आली, की शिक्षक ती जपून वाचतात, हे मी बघितलं आहे.

आणखी एक ताळा करायचा आहे. तो गणिताचा नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख लिहिलेली असते. जन्माच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं आणि शाळेत तिसरं, असं फार ठिकाणी होतं. दाखला मागताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ते अडतं. मग हेलपाटे सुरू. पूर्वी तुम्ही मास्तर लिहितील ते खरं मानत होता. आता वाचता येतं. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा. फरक निघाला तर मूल शाळेत आहे तोवरच मुख्याध्यापकांना भेटून दुरुस्तीचा अर्ज द्या. शाळा सोडल्यावर ते काम फार जड जातं. ऑफिसात जायला संकोच वाटून घेऊ नका. ती बाई पाटी घेऊन गेली, तुम्ही कागद घेऊन जायचं.

वेळ झाली. निघताना तुम्हाला घरचा अभ्यास देतो. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते दुप्पट होईल. एका मुलाने उत्तर काढलं, मुलगी १० वर्षांची आणि आई ३० वर्षांची. दुसऱ्याने काढलं, मुलगी १२ आणि आई ३६. तुम्ही सोडवायचं नाही. दोघांचाही ताळा करायचा. अटी दोन आहेत, हे विसरू नका. कोणाचं जुळतं ते पाटीवर मांडून शनिवारी ताईंना दाखवा. आणि येताना पोरांच्या वह्या घेऊन या.